पाकटं माणसाजवळ का येतात?

गणेश पेठेतल्या मासळी बाजारात कधी पाकट पाहिलंय? पसरट, राखाडी, चटईच्या तुकड्यासारखं, आणि शेपूट बहुतेक वेळा आधीच छाटलेलं. त्या शेपटीवर करवतीसारखे दाते असलेला विषारी काटा असतो, म्हणून जाळ्यात पाकट आलं की मच्छीमार आधी त्याची शेपूट बघतो. पाकट म्हणजेच स्टिंगरे. हीच पाकटं डायव्हरच्या खांद्यावरून, पोटावरून मांजरासारखी अंग घासत जातात असे व्हिडिओ आता सगळ्यांनी पाहिलेले असतात. मी डायव्हिंग करतो हे कळलं की पुण्यातली मंडळी त्यावरून हमखास विचारतात: डंख मारत नाहीत का? आणि मुळात माणसाजवळ येतातच कशाला? मला यातला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो.

ते बहुतेक व्हिडिओ कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन या ब्रिटिश अखत्यारीतल्या बेटाजवळचे असतात. बेटाच्या उत्तरेला नॉर्थ साउंड नावाची उथळ खाडी आहे. तिच्या तोंडाशी प्रवाळाची भिंत असल्यामुळे बाहेर समुद्र खवळला तरी आत पाणी शांत राहतं. मासेमारी करून परतणाऱ्या होड्या या भिंतीच्या आत येऊन थांबत. मासे आणि शंखातले मांसल जीव तिथेच साफ होत आणि आतडी, कातडी, टाकाऊ तुकडे पाण्यात जात. घरी जाण्याआधी होडी स्वच्छ व्हावी, इतकाच हेतू. वर्षानुवर्षं हे चाललं आणि तळाच्या वाळूत राहणारी पाकटं त्या जागी जमू लागली. पुढे होडीच्या इंजिनाचा आवाज आला की अन्न येणार, एवढं गणित त्यांच्या अंगवळणी पडलं.

पाकटाची शरीररचना पाहिली की यात नवल वाटत नाही. डोळे पाठीवर, तोंड पोटाखाली, त्यामुळे आपण काय खातोय हे त्याला दिसतच नाही. ते अन्न शोधतं वासावर आणि तोंडाभोवतीच्या बारीक छिद्रांतून जाणवणाऱ्या विजेच्या सूक्ष्म लहरींवर. वाळूत दडलेल्या खेकड्याच्या स्नायूंची हालचालसुद्धा त्याला कळते. स्वतः वाळूत गाडून घेतलं तरी डोळ्यांमागच्या छिद्रांतून पाणी ओढून श्वास चालू राहतो. असा प्राणी वासाच्या आणि आवाजाच्या मागे ठरलेल्या जागी रोज येणारच.

1986-87च्या सुमारास तिथल्या डाइव्ह प्रशिक्षकांनी या पाकटांना हाताने भरवायला सुरुवात केली. डायव्हिंगच्या मासिकांतून बातमी पसरली, जागेला ‘स्टिंगरे सिटी’ नाव पडलं आणि जगभरातून माणसं येऊ लागली. आज तिथे दोन जागा आहेत. एक जेमतेम कमरेइतक्या पाण्यातला वाळूचा दांडा, तिथे पोहता न येणाराही उभा राहतो. दुसरी साधारण 4 मीटर खोल, स्कूबासाठी. नेहमीपेक्षा जास्त वजन कमरेला बांधून डायव्हर वाळूवर गुडघे टेकतात आणि माकुळाचा (स्क्विडचा) तुकडा मुठीत धरतात. पाकट वर सरकतं आणि तो तुकडा तोंडाने ओढून घेतं. कधी चुकून दंडाची कातडी ओढली जाते आणि लाल वळ उठतो.

इतक्या कमी खोलीवर सिलिंडर तासाहून जास्त पुरू शकतो, म्हणून ही जागा नवशिक्यांना आवडते. टिळक टँकवर पोहायला शिकलेल्या माणसाला 4 मीटर म्हणजे काहीच वाटत नाही. पण दाबात प्रमाणाने सर्वांत मोठा फरक याच पहिल्या काही मीटरांत पडतो. श्वास रोखून झटकन वर आलं तर आतली हवा फुगून फुप्फुसांना इजा व्हायला एवढं पाणी पुरेसं आहे. टँकमधल्या सरावात ‘श्वास थांबवू नका’ हे पुन्हा पुन्हा सांगतात ते यासाठी.

डंखाबद्दल. 4 सप्टेंबर 2006ला ऑस्ट्रेलियात चित्रीकरण करताना पाकटाचा काटा छातीत घुसून ‘क्रोकोडाइल हंटर’ म्हणून गाजलेले टीव्ही निवेदक स्टीव्ह अर्विन गेले आणि या प्राण्याची धास्ती घरोघरी पोचली. तसा मृत्यू फार विरळा. काटा फक्त बचावासाठी असतो, शिकारीसाठी नाही, आणि बहुतेक जखमा पाय पडल्यामुळे पायालाच होतात. म्हणून उथळ वाळूत पाऊल उचलून टाकायचं नसतं, घासत न्यायचं. विष प्रथिनांचं असल्याने उष्णतेने निकामी होतं. जखम सोसवेल इतक्या, साधारण 45 अंशांपर्यंतच्या गरम पाण्यात धरली की वेदना उतरते. मग डॉक्टर गाठायचाच, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो.

खरी काळजी मला पाकटांची वाटते. 2013मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शास्त्रज्ञांनी भरवली जाणारी आणि रानटी पाकटं यांची तुलना केली. रानटी पाकट निशाचर, एकटं, मोठ्या परिसरात हिंडणारं. भरवलेलं पाकट दिवसा जागं, दाटीत राहणारं, त्याच छोट्याशा पट्ट्यात घुटमळणारं. एकमेकांना चावणं वाढलेलं, माद्या रानटी पाकटांच्या ठरलेल्या हंगामाबाहेरही गाभण. आधीच्या अभ्यासांत होड्यांच्या जखमा आणि अंगावरचे परजीवीही जास्त आढळले होते. माकूळ हे त्यांचं रोजचं खाणं नव्हेच, आणि त्याची खूण त्यांच्या रक्तातल्या स्निग्धाम्लांतही (फॅटी ॲसिड्समध्येही) उमटलेली दिसली. मासेमारांनी टाकलेल्या आतड्यांपासून सुरू झालेल्या सवयीने एका प्राण्याचा दिवस आणि रात्र उलटी केली! 2012च्या आसपास तिथल्या मोजणीत संख्या घटलेली दिसली आणि पुढच्याच वर्षी केमनच्या पाण्यात पाकटांना कायद्याचं संरक्षण मिळालं. त्यांना पाण्याबाहेर उचलायला मनाई आहे.

माशांना खाऊ घालणं आपल्याला परकं नाही. महाडजवळच्या वाळणकोंडीच्या डोहात देवीचे म्हणून मासे राखले जातात, लोक त्यांना खाऊ घालतात, आणि तिथे कुणी गळ टाकत नाही. त्या श्रद्धेने मासे वाचले, हे मला मोठं काम वाटतं. मात्र तिथेही मासा पायरव ऐकून काठाशी येतो.

योगायोग असा की स्टिंगरे सिटीचं नाव पसरत होतं त्याच 1987मध्ये, 13 एप्रिलला, मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे 29 चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी पोटात घेणारं. मालवणची पाकटं केमनच्या जातीची नाहीत आणि खांद्यावर चढत नाहीत. तिथे मी पाहिलेलं एकमेव पाकट वाळू उडवून धुक्यासारखं नाहीसं झालं, आणि मला त्याचा आनंद आहे.

मागच्या डिसेंबरात किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंगला गेलो होतो. होडीवाल्या दादांनी इंजिन बंद केलं, नांगर टाकला. पिशवीतून ब्रेड अजून कुणी काढलाही नव्हता, तरी काळ्या पट्ट्यांचे मासे होडीखाली गोळा झाले होते.