सुमात्राचा धक्का ‘आज रात्री’ नाशिकला बसत नाही

इंडोनेशियातल्या सुमात्रासारख्या बेटाजवळ समुद्रात मोठा भूकंप झाला की व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतो: ‘हाच धक्का सरकत सरकत आज रात्री नाशिकला बसेल, बाहेर झोपा.’ भीती वाटणं साहजिक आहे. पण आधी घड्याळ बघा.

उत्तर सुमात्रापासून नाशिक साधारण ३,००० किलोमीटर. पहिल्या भूकंपलहरी हे अंतर सहाएक मिनिटांत कापतात, भूपृष्ठावरच्या संथ लहरी पाव तासात. मेसेज तुमच्या गल्लीच्या ग्रुपवर पडेपर्यंत त्या कधीच पुढे गेलेल्या असतात, आणि इतक्या लांब त्या बहुधा यंत्रालाच कळतात.

सुमात्राजवळ भारतीय भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, शेजारच्या भूपट्टाखाली सरकतो. दोन्ही अडकतात, शतकानुशतकं ताण साठतो आणि एकदम सुटतो. २००४ साली असाच ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्सुनामी तमिळनाडूला पोहोचली ती मात्र दोनेक तासांनी. ‘नंतर येईल’ हा समज बहुधा इथूनच आला असावा. लाटेचं म्हणाल, तर नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे.

पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडे अधूनमधून भांडी खडखडतात, हे खरंच. पण त्याचं कारण तिथल्याच जमिनीखाली असतं. १९९३ चा किल्लारीचा भूकंपही भूपट्टाच्या कडेपासून लांब, आतच झाला होता.

पडताळायचं तर भूकंपनोंदीच्या संकेतस्थळावर केंद्र आणि वेळ बघा. वेळ जागतिक (UTC) असेल तर भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. मेसेजमध्ये पुढच्या धक्क्याची वेळ दिली असेल तर तो तिथेच बाद. ती आधी सांगण्याची पद्धत अजून कुणाकडेच नाही.