काटकसरी की चिक्कू? फरक खर्चाच्या दिवशी कळतो

काटकसरी माणूस आणि चिक्कू माणूस एखाद्या साध्या दिवशी शेजारी शेजारी उभे केले तर ओळखू येणार नाहीत. दोघंही तुटलेल्या चपलेला शिलाई मारून आणतात, दोघंही टूथपेस्टची ट्यूब कापून आतलं पुसून घेतात, रिक्षा सोडून बसने जातात, खोलीतून निघताना पंख्याचं बटण बंद करतात. म्हणून तर लोकांचा घोळ होतो, कोणी जरा जपून खर्च केला की त्याला चिक्कू म्हणून मोकळे, आणि जो खरंच चिक्कू आहे तो छाती काढून सांगतो की मी बाबा काटकसरी. माझं म्हणणं असंय की पैसा वाचताना हा फरक दिसतच नाही, तो दिसतो पैसा बाहेर काढायची वेळ येते तेव्हा. दवाखाना, पोरांची फी, कामवाल्या मावशींची दिवाळी, घरी आलेला पाहुणा. तिथे ज्याचा हात सुटतो तो काटकसरी, आणि तिथेही जो हात आखडता घेतो तो चिक्कू.

आधी स्वयंपाकघर घेऊया, कारण काटकसर रोज उठून तिथेच राबते. दुधावरची साय साठवायची, विरजण लावायचं, घुसळून लोणी काढायचं, कढवून तूप करायचं, खाली बेरी उरते ती साखर घालून पोरांच्या हातावर, आणि जे ताक उरलं त्याची संध्याकाळी कढी. रात्रीचा भात सकाळी फोडणीला, उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा. एकाच कुकरमध्ये खाली डाळ, वर भात, डब्यावर दोन बटाटे, आणि डाळ अर्धा तास आधी भिजवली असेल तर गॅसही कमी लागतो. यात कोणाच्या ताटातलं काही कमी झालं का? उलट घरात तूप आलं.

आता त्याच कुकरची रिंग बघा. रिंग कडक झालीय, बाजूने वाफ जातेय, शिट्टी व्हायला पंधरा पंधरा मिनिटं लागतायत, तरी "चालतंय की अजून" म्हणत नवी आणायची नाही, शे-दीडशे रुपये वाचवायचे आणि त्याच्या कितीतरी पट गॅस जाळायचा. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह खराब झाला असताना तसाच ढकलणं तर सरळ जिवाशी खेळ आहे. तेलाचंही तेच. पुऱ्या तळून उरलेलं तेल गाळून दोन दिवसात भाजीच्या फोडणीला संपवलं तर छान, पण तेच तेल काळं पडून फेस येईपर्यंत पुन्हा पुन्हा तापवलं तर त्यात घातक गोष्टी तयार होतात, तेलातले पोलर कंपाउंड, म्हणजे तापवून तापवून तेल खराब होताना वाढत जाणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही हा अन्नसुरक्षेचा नियम २०१८ पासून आहे तो उगाच नाही. घरात ते मोजता येत नाही पण रंग, वास आणि चिकटपणा कळतो की.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, काटकसरी माणूस कधी कधी जास्त पैसे मोजतो. साधा जुना पंखा साधारण ७५ वॅटचा, बीएलडीसीवाला, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, ३० च्या आसपास. रोज १२ तास पंखा चालला तर दिवसाला अर्ध्या युनिटचा फरक, वर्षात ३०० दिवस धरले तर १६० युनिट, आणि युनिट ८ रुपये धरलं तर तेराशे रुपये. म्हणजे नवा पंखा दीडेक हजाराने महाग असला तरी सव्वा वर्षाच्या आत वसूल, पुढचं सगळं फायद्यात. काटकसरी माणूस कागद पेन घेऊन हा हिशोब करतो आणि पंखा आणतो. चिक्कू माणसाला दुकानात फक्त आज खिशातून जाणारा आकडा दिसतो, त्याच्यापुढचं काही दिसतच नाही, म्हणून तो स्वस्तातलं आणतो आणि शेवटी जास्त भरतो. दाताचं पण असंच. कीड छोटी असताना फिलिंग होतं हजारभरात, तेव्हा जायचं नाही, मग ठणका लागला की रूट कॅनल आणि वर कॅप, आणि ते बिल काही हजारांचं.

माझ्या ओळखीत एक काका आहेत, दोन फ्लॅट, पेन्शन, एफड्या, सगळं व्यवस्थित. मोतीबिंदू झाला तर मोफत शिबिर लागेल तेव्हा बघू म्हणून थांबले. शिबिरात जाणं वाईट नाही हं, ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यासाठीच ती असतात आणि तिथे चांगली ऑपरेशनं होतात, पण यांच्याकडे पैसे होते. वर्षभर तसेच अंदाजाने जिना उतरायचे, एक दिवस पायरी चुकली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनचा खर्च झाला तो झालाच, पण वर्षभर काकूंनी त्यांचं सगळं केलं, उठवणं, बसवणं, आंघोळ. मला राग येतो तो या गोष्टीचा. पैसे काकांनी वाचवले आणि त्याची किंमत काकूंच्या कंबरेने भरली.

झळ कोणाला लागते हे बघितलं की निम्म्या शंका तिथेच मिटतात. काटकसर करणारा चिमटा काढतो तो स्वतःच्या पोटाला. चिक्कू माणूस काढतो दुसऱ्याच्या. स्वतः दोन वर्षं नवा शर्ट न घेणारा माणूस मावशींचा एक खाडाही कापत नसेल तर तो काटकसरी. मावशी आजारी पडल्या म्हणून चार दिवसांचे पैसे कापणारा, दिवाळीला महिन्याचा पगार जास्त द्यायच्या ऐवजी घरातलं विटलेलं बेडशीट हातात ठेवणारा, वर तोंडाने "आम्ही बाई उधळपट्टी करत नाही" म्हणणारा, त्याला दुसरा कुठला शब्द वापरायचा सांगा. मेथीच्या जुडीला पाच रुपये कमी करून घेण्याबद्दल मी इतकी कडक नाही, घासाघीस हा बाजारातला बोलण्याचा भाग आहे आणि भाजीवालीपण भाव त्या हिशोबानेच सांगते. पण संध्याकाळी उरलेला माल तिला घरी न्यायचा नाही हे माहीत असून तिला अगदी कोंडीत पकडून अर्ध्या भावात घेणं मला पटत नाही.

गाडगे महाराज आठवा. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगं, स्वतःसाठी काहीच नाही, इतका कमी खर्चात राहणारा माणूस शोधून सापडणार नाही. आणि लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. कीर्तनात ते सांगायचे की कर्ज काढून सण करू नका, पैसे नसतील तर जेवायचं ताट मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, लुगडं कमी किमतीचं घ्या, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका. कात्री कुठे लावली आणि कुठे नाही ते नीट बघा. ताटाला लावली, लुगड्याला लावली, शाळेला नाही. (धोतरालापण लावायला हवी असं मी म्हणेन.) तिकडे साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई, त्यांनी बोर्डिंगमधल्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. जपून वापरलेली वस्तू कशासाठी असते हे मला याच्याइतकं कुठेच स्पष्ट दिसत नाही.

आता अवघड भाग. काही माणसांचा हात भीतीने आखडलेला असतो आणि त्यांना चिक्कू म्हणताना माझी जीभ अडखळते. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी बघितला, दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले, तिथे मिळणारी सुकडी खाल्ली, किंवा १९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपात ज्यांच्या घरातला पगार बंद झाला तो कायमचाच, त्या घरातली माणसं आज मुलगा चांगला कमावत असला तरी दोरा, पिशवी, रिकामी बाटली काही टाकत नाहीत. त्यांच्या मनात तो दुष्काळ संपलेलाच नाही. आणि ज्याच्या हातात मुळात पैसाच नाही त्याच्या बाबतीत तर हा प्रश्नच लागू नाही, ती ओढाताण आहे, तिला ना काटकसर म्हणून कौतुकाने बघायची गरज ना चिक्कूपणा म्हणून हसायची.

बायकांच्या डब्यातल्या पैशांचंही नीट बघायला पाहिजे. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा किती घरांत तांदळाच्या, डाळीच्या डब्यांतून पैसे निघाले, आणि नवरे लोक गमतीने म्हणाले बघा हिने किती लपवलं होतं. लपवलं कुठे, घरखर्चातून पै पै बाजूला ठेवलं होतं, लेकीच्या बाळंतपणाला, अचानक कोणी आजारी पडलं तर, माहेरी जाताना कोणापुढे हात पसरायला लागू नये म्हणून. त्या पैशाला काम ठरलेलं होतं. फक्त डब्यात ठेवलेला पैसा आक्रसत जातो, महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर साधारण १२ वर्षात त्याची किंमत निम्मी होते, त्यामुळे तो निदान आरडीत किंवा पोस्टात असावा एवढंच. नुसतं धरून ठेवणं म्हणजे वाचवणं असं समजणारे इथे पण नुकसानीतच जातात.

घरात असं कोणी वडीलधारं असेल, पैसे असून औषध अर्धी गोळी करून घेणारं, चष्म्याची काच तडकली तरी न बदलणारं, तर त्यांच्याशी वाद घालून काही होत नाही, चिडवून तर अजिबात नाही. पासबुक घेऊन शेजारी बसा. हे एवढे दवाखान्यासाठी वेगळे ठेवलेत, याला कोणी हात लावणार नाही, हे एवढे वर्षभराच्या घरखर्चाला, आणि हे उरलेत ते तुमच्या चष्म्याला आणि पंढरपूरला जायला, असं आकडे दाखवून सांगा, दर दोन-तीन महिन्यांनी परत सांगा. वस्तू आणली तर किंमत कमी करून खोटी सांगू नका, कारण एकदा कळलं की पुढच्या वेळी खऱ्या आकड्यावरही विश्वास बसत नाही. आणि अर्ध्या गोळीचं मात्र डॉक्टरांच्या तोंडूनच सांगायला लावा, बीपीची गोळी मनाने अर्धी केली तर काय होतं ते त्यांनी समोर बसवून सांगितलं की बरीच माणसं ऐकतात.