710 मतांचा फरक आणि पाच कार्डं

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर विधानसभेचा 2014 चा निकाल 710 मतांनी लागला होता. असं लीड असलं की मोजणीच्या आवाराबाहेर गुलालाची पोती फुटतात आणि आत हरणाऱ्याचा प्रतिनिधी फेरमोजणीचा अर्ज लिहायला कागद शोधतो.

पण फेरमोजणी कशाची? मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटचं, म्हणजे मतं साठवणाऱ्या भागाचं, रिझल्ट बटण दहादा दाबलं तरी आकडा तोच येणार. मागायच्या असतात त्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत दिल्यावर छापून पेटीत पडणाऱ्या, चिठ्ठ्या, निवडणूक नियमांतल्या 56डी खाली, केंद्रांचे क्रमांक घालून, लेखी. बेरीज जाहीर झाल्यावर आणि फॉर्म 20 वर, म्हणजे निकालपत्रकावर, सही होण्याआधी. ती मिनिटं घोषणाबाजीत गेली, तर उरते 45 दिवसांत करायची हायकोर्टातली याचिका. अर्ज फेटाळायचा अधिकार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला आहे, फक्त कारण लिहून द्यावं लागतं. चिठ्ठ्या आणि मशीन यांत फरक निघालाच, तर चिठ्ठ्यांचा आकडा धरतात.

अर्ज नसला तरी 2019 पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतातच. केंद्रांचे क्रमांक लिहिलेली कार्डं घडी घालून डब्यात हलवतात आणि उमेदवारांच्या माणसांसमोर पाच उचलतात. मग जाळीच्या खोलीत उमेदवारवार खण, पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे. एका केंद्राला तासभर जातो. आकडे जुळले नाहीत तर आधी सकाळचं मॉक पोल तपासावं. किमान 50 मतांची ती चाचणी झाल्यावर मशीन ‘क्लिअर’ करायचं राहिलं, किंवा चाचणीच्या चिठ्ठ्या पेटीतच राहिल्या, की बेरीज बिघडते. यात कट कमी आणि घाई जास्त.

खरी गोम ‘पाच’ या आकड्यात आहे. 710 चा निकाल उलटायला 356 मतं इकडची तिकडे व्हावी लागतात, कारण एक मत हललं की फरक दोननं बदलतो. समजा मतदारसंघात 350 केंद्रं आहेत. गडबड पन्नास केंद्रांत सात-आठ मतांची असेल, तर पाच कार्डांत त्यातलं एखादं सापडायची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त. तीच गडबड पाचच केंद्रांत सत्तर-बहात्तर मतांची असेल, तर ती शक्यता जेमतेम 7 टक्के. लीड पन्नास हजारांचं असो की सातशेचं, कार्डं पाचच! अमेरिकेतल्या कोलोरॅडोत 2017 पासून नमुना लीड बघून ठरवतात: फरक कमी, तर तपासायच्या मतपत्रिका जास्त.

टपाली मतांसाठी मात्र आपल्याकडेही फरकच बघतात. बाद टपाली मतं लीडपेक्षा जास्त असतील, तर निकालाआधी ती सगळी पुन्हा तपासावी लागतात. वाद तिथं खरा रंगतो, कारण घोषणापत्रावर सही नाही, साक्षांकन नाही, पाकिटावरचा अनुक्रमांक जुळत नाही, यावर माणसाची नजर निर्णय देते. मुंबई उत्तर-पश्चिमची 2024 ची लोकसभा जागा 48 मतांनी ठरली आणि तिथं बाद टपाली मतं त्याहून जास्त होती.