२७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसत नाही!
दर ऑगस्टला सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज, २७ तारखेला मंगळ चंद्राएवढा दिसणार, पोरांना उठवा. अहो नाही दिसणार! २७ ऑगस्ट २००३ ला तो खरंच जवळ आलेला, जवळपास ६०,००० वर्षांत सगळ्यात जवळ, पण म्हणजे तरी साधारण ५ कोटी ५८ लाख किलोमीटर, आणि दिसायला चंद्राच्या रुंदीचा साधारण पंच्याहत्तरावा भाग. मूळ मेसेजमध्ये होतं की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तो नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्राएवढा वाटेल, फॉरवर्ड होता होता दुर्बिणीचं वाक्यच गळलं. मंगळ साधारण दर २६ महिन्यांनी जवळ येतो, तारीख काही ठरलेली नसते. पोरांना आकाश दाखवायचंच असेल तर आपल्या पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था आहे, आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेचं मुलांसाठीचं विज्ञान केंद्र, मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिथे चौकशी करा ना, मनापासून सांगतेय.