जेवणाआधीचा वाटा : नाशिककडची अन्नसाधना

शिजवलेलं अन्न आपल्या तोंडात घालायच्या आधी थोडं थांबायचं आणि त्यातला एक वाटा देवाला, पितरांना, गाईला, कावळ्याला नाहीतर दारात आलेल्या माणसाला काढून ठेवायचा, ही पद्धत महाराष्ट्रात सगळीकडेच आहे पण नाशिक परिसरात ती इतक्या वेगवेगळ्या रूपांत भेटते की तिची वेगळी नोंद करायलाच हवी. घरचा नैवेद्य, ताटाभोवतीची चित्राहुती, रामकुंडावरचा काकबळी, सप्ताहाची पंगत, त्रिरश्मी लेण्यांतल्या भिक्खूंचं भोजन, इगतपुरीच्या विपश्यना केंद्रातलं मौनातलं जेवण, सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरचं नवं धान्य, हे सगळं वरवर बघितलं तर एकमेकांपासून लांबचं आहे, देव वेगळे, मंत्र वेगळे, काही ठिकाणी देवाचा संबंधच नाही. तरी दोन गोष्टी सगळीकडे सापडतात, आधी थांबणं आणि आधी दुसऱ्याचा वाटा काढणं. हल्ली माइंडफुल ईटिंगवर जे बोललं जातं त्यात थांबण्यावर भर असतो, हळू चावा, मोबाइल लांब ठेवा, चवीकडे लक्ष द्या, आणि ते बरोबरच आहे, पण वाटा काढायचा भाग त्यातून गळून जातो आणि माझ्या मते अर्धी साधना तिथेच गळते.

चुलीजवळ

नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नाही हा नियम जुन्या घरांत अजून पाळतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो नुसता सोवळ्याचा हट्ट वाटतो, पण तसा एकदा स्वयंपाक करून बघितला की कळतं, या एका नियमानं करणाऱ्याचं सगळं लक्ष हातातल्या कामावर आणून बसवलंय. मीठ चाखून बघायची सोय नाही म्हटल्यावर ते चिमटीनं आणि नजरेनं मोजायचं, आमटीला उकळी आली की वासावरून चिंच-गुळाचा अंदाज घ्यायचा, मोहरी तडतडायची थांबली की लगेच हिंग, जरा उशीर झाला की फोडणी करपलीच. पुरण घोटताना उलथनं मधोमध उभं करून बघतात, ते न कलंडता उभं राहिलं की पुरण झालं, नाहीतर अजून आटवायचं, आणि त्या वेळात डोकं दुसरीकडे गेलं की पुरण तळाला लागतं. वणीच्या सप्तशृंगीला किंवा घरच्या महालक्ष्म्यांना पुरणपोळी करणाऱ्या बायका हे सगळं कानानं, नाकानं आणि मनगटानं करतात, कुठल्याही ध्यानाच्या क्लासला न जाता. जात्यावर दळणाऱ्या बायका ओवी म्हणायच्या तेही याच जातीचं, हात फिरतोय, मन विठ्ठलाशी किंवा भावाशी लागलंय आणि पीठ पडतंय. मिक्सर आणि गिरणीनं कष्ट वाचवले ते चांगलंच झालं, कोणी परत जात्यावर बसावं असं मला अजिबात वाटत नाही, पण कष्टासोबत ते लागलेलं मनही गेलं हे खरं.

नैवेद्याच्या ताटाची मांडणी ठरलेली असते. मीठ वरच्या बाजूला, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाज्या आणि आमटी, खाली मधे वरणभाताची मूद आणि तिच्यावर तुपाची धार. ताट ठेवायच्या आधी जमिनीवर पाण्यानं चौकोन काढतात आणि नैवेद्यावर तुळशीचं पान ठेवतात. भूक लागलेली असते, पोरं मागे कुरकुरत असतात, तरी देवाला दाखवल्याशिवाय कोणी बसत नाही, आणि हा पाच मिनिटांचा उशीर मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

काय खायचं नाही हेही याच साधनेत येतं. लासलगावची बाजारपेठ कांद्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे, निफाड, येवला, चांदवडकडच्या शेतकऱ्याचं वर्षाचं गणित कांद्यावर चालतं, आणि त्याच जिल्ह्यात चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी कितीतरी घरं आहेत. म्हणून आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करतात, कांद्याची भजी, थालीपीठ, झुणका असं पोटभर खाऊन घ्यायचं कारण दोन दिवसांनी आषाढी एकादशी आणि मग चार महिने बंद. खंडोबाच्या घरांत वांगंही सुटतं ते थेट चंपाषष्ठीला भरीत-भाकरीच्या नैवेद्यानं परत ताटात येतं. चातुर्मासात कोणी जेवताना मौन धरतं, कोणी दिवसातून एकदाच जेवतं, कोणी पानावर जेवतं. आवडती गोष्ट स्वतःहून बाजूला ठेवून परत तिच्याकडे आलं की पहिला घास कसा लागतो हे ज्यानं केलंय त्याला विचारा.

ताटावर बसल्यावर

चित्राहुती आता फार कमी घरांत दिसते, बहुतेक मुंजीच्या किंवा श्राद्धाच्या पंगतीतच. उजव्या हातात पाणी घेऊन मंत्र म्हणत ताटाभोवती फिरवायचं, ताटाच्या उजव्या बाजूला भाताची थोडी थोडी शितं चित्र, चित्रगुप्त, यम आणि सगळ्या भूतमात्रांच्या नावानं ठेवायची, मग आपोष्णी घ्यायची, म्हणजे तळहातावरचं थोडं पाणी मंत्र म्हणून प्यायचं, आणि प्राण, अपान, व्यान, उदान, समान या पाच प्राणांना छोट्या छोट्या आहुती द्यायच्या, म्हणजे न चावता गिळायचे भाताचे घास. जेवण झाल्यावर परत आपोष्णी. यामागचा विचार असा की पोटातली आग हाच अग्नी, गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत म्हणतात की मीच वैश्वानर होऊन प्राण्यांच्या देहात राहतो आणि चार प्रकारचं अन्न पचवतो, मग जेवणं म्हणजे हवनच झालं. तैत्तिरीय उपनिषदात भृगू बापाला विचारत विचारत ब्रह्म शोधतो तेव्हा त्याला पहिल्यांदा उमगतं ते अन्न हेच ब्रह्म, आणि त्याच भागात अन्नाची निंदा करू नये हे व्रत सांगितलंय. घरातली म्हातारी माणसं ताटावर बसून नावं ठेवू नकोस म्हणतात ते याच घराण्यातलं.

आयुर्वेदाच्या चरकसंहितेनं तर देवाधर्माचं नाव न घेता हेच सांगितलंय. तिच्या विमानस्थान या भागात जेवायचे नियम आहेत त्यात गरम खावं, बेतानं खावं, आधीचं पचल्यावर खावं, फार घाईनं नको, फार रेंगाळतही नको, आणि न बोलता, न हसता, त्यातच मन घालून जेवावं असं स्पष्ट आहे. टीव्हीसमोर जेवणाऱ्या आपल्या पिढीला यातलं शेवटचं एक जमलं तरी खूप झालं.

काकबळीचं नाशिकला वेगळं महत्त्व आहे कारण रामकुंडावर अस्थिविसर्जन आणि पिंडदानाला देशभरातून लोक येतात. पिंड ठेवायचा आणि कावळा शिवेपर्यंत वाट बघायची, घरातली कर्ती माणसं हात जोडून उभी, मनातल्या मनात गेलेल्या माणसाला काहीतरी कबूल करत असतात. पितृपक्षात घरोघरी खीर, वडे, कढी, भाज्या असं साग्रसंगीत ताट आधी कावळ्याला आणि गाईला जातं, मग ब्राह्मण किंवा पाहुणा, मग आपण. कावळा खरंच पितर असतो का हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही, जेवायच्या आधी गेलेल्या माणसाची भूक आठवते हे मला मोठं वाटतं.

टाकळी आणि मधुकरी

वदनी कवळ घेता हा श्लोक मराठी मुलाला शाळेत खिचडी हातात पडायच्या आधीच पाठ असतो. तो समर्थ रामदासांचा म्हणून म्हटला जातो आणि त्यातलं उदरभरण नोहे जाणिजे यज्ञकर्म हे चित्राहुतीचंच सार आहे, फक्त संस्कृत, सोवळं, पळी-पंचपात्र यांच्याशिवाय, कोणालाही म्हणता येईल असं. समर्थांची तपश्चर्या झाली ती नाशिकलाच, टाकळीला, नंदिनी म्हणजे नासर्डी आणि गोदावरीच्या संगमावर, १६२० ते १६३२ अशी बारा वर्षं. सकाळी नदीत उभं राहून जप आणि दुपारी पंचवटीत मधुकरी, म्हणजे घरोघरची शिजवलेल्या अन्नाची भिक्षा, मागून जेवण असा क्रम परंपरेनं सांगितला जातो. बारा वर्षं रोज दुसऱ्यानं काढलेल्या वाट्यावर जगलेल्या माणसाच्या तोंडी हा श्लोक ठेवला की तो वेगळाच ऐकू येतो. मधुकरी घालणाऱ्या घरांचीही ती साधनाच होती, आपल्यासाठी रांधतानाच एका अनोळखी पोराचा घास धरून रांधायचा. टाकळीचा गोमय मारुती आजही आहे, शहर त्याच्या चारही बाजूंनी वाढलंय.

लेण्यांपासून इगतपुरीपर्यंत

त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्यात बाकी दानांसोबत एक नोंद अशी की त्यानं ४००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, देऊन एका ब्राह्मणाकडून शेत विकत घेतलं आणि त्या शेतातून या लेण्यात राहणाऱ्या सगळ्या भिक्खूंना जेवण मिळावं. मला हा नाशिकचा सगळ्यात सुंदर लेख वाटतो, विजयाचा नाही, रोजच्या जेवणाच्या सोयीचा. आणि ते जेवण भिक्खूनं कसं घ्यायचं तेही बौद्ध परंपरेत ठरलेलं आहे, मौजेसाठी नाही, मस्तीसाठी नाही, रूप वाढवण्यासाठी नाही, तर हा देह टिकावा आणि साधना चालावी एवढ्यासाठी, असं मनाशी आठवून. बुद्धांच्या सतिपट्ठान सुत्त या उपदेशात खाताना, पिताना, चावताना, चव घेताना पूर्ण जाणीव ठेवायला सांगितलंय.

तेच आज इगतपुरीच्या धम्मगिरीला बघायला मिळतं. सत्यनारायण गोयंका गुरुजींच्या या केंद्रात १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं चालतात. दहा दिवसांच्या शिबिरात आर्य मौन असतं, सकाळी साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा आणि फळं, जुन्यांना फक्त लिंबूपाणी, रात्री काही नाही. कोणाशी बोलायचं नाही, समोरच्याकडे बघायचंही नाही, नुसतं साधं वरण-भात-पोळी-भाजी, आणि त्या शांततेत पोळीचा तुकडा चावताना त्याचा गोडवा पहिल्यांदा कळतो असं शिबिर करून आलेले कितीतरी लोक सांगतात. शिबिराची फी नसते, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर खर्च चालतो आणि सेवा देणारेही जुने साधकच असतात, म्हणजे ताटात जे पडतं ते आपल्या आधी कोणीतरी आपल्यासाठी काढून ठेवलेलंच असतं, आणि ते मन लावून खाणं ही त्या माणसाची परतफेड.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली ताण कमी करण्याचा जो कार्यक्रम सुरू केला त्यातला पहिला धडा एक मनुका खाण्याचा आहे, हातावर घेऊन बघायचा, वास घ्यायचा, जिभेवर ठेवायचा, मग सावकाश चावायचा. हा धडा नाशिककरानं केला पाहिजे कारण आपल्याला त्या मनुक्याच्या मागचं सगळं दिसतं, एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, बागेतल्या मजूर बायका, फवारण्या, आणि ऐन फेब्रुवारी-मार्चात ढग आले की दिंडोरी-पिंपळगावच्या बागायतदाराची उडालेली झोप. एवढं आठवलं की मनुका नुसता तोंडात टाकता येत नाही.

पाड्यावरचं नवं

सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरीकडे कोकणा, वारली, महादेव कोळी लोकांत पहिल्या पावसानंतर उगवलेली रानभाजी आणि शेतातलं नवं भात-नागली देवांना आणि पूर्वजांना दाखवल्याशिवाय खात नाहीत. धान्य म्हणजे कणसरी माता, ती रुसू नये म्हणून दाण्याला पाय लागू द्यायचा नाही. यात एक शहाणपणही आहे, भाजी कोवळी असताना कोणी एकट्यानं ओरबाडत नाही, सगळ्या पाड्याचं नवं, म्हणजे देवाला दाखवणं, झालं की मग सगळ्यांनी. मार्गशीर्षातल्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवातही व्रत धरणारे खाण्यापिण्याचे नियम कडक पाळतात.

पंगत

या साधनेला एक काळी बाजू आहे आणि ती न लिहिता नोंद पुरी होणार नाही. ज्या घरांत अन्न पूर्णब्रह्म होतं त्याच घरांत कोणाच्या सावलीनं ते विटाळतही होतं. गावच्या पंगती जातीनं वेगळ्या बसायच्या, काहींना उष्टं लांबून टाकलं जायचं. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, त्यांचे सहकारी दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षं चालवला, आणि दार उघडलं नाही. शेवटी १९३५ साली याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. ज्याला वाटा द्यायचा त्यालाच दाराबाहेर ठेवलं तर नैवेद्य कितीही सोवळ्यात केलेला असो, तो देवापर्यंत पोचला असं मी मानत नाही. तसंच घरातल्या बाईचं, सगळ्यांचे वाटे काढून शेवटी भांड्याला लागलेलं खाणारी तीच, आणि तिच्या त्यागाचं कौतुक करत बसण्यापेक्षा तिचं ताट सगळ्यांबरोबर वाढावं.

याच्या उलट बाजूला वारकऱ्यांचा काला आहे, दही-लाह्या एकत्र कालवून एकमेकांच्या तोंडात घालायच्या, कोण कोणाचा हे विचारायचं नाही. निवृत्तीनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरला, त्यामुळे पौष वद्य एकादशीच्या यात्रेला दिंड्या येतात आणि वाटेवरची गावं त्यांना जेवू घालतात. गावोगावच्या हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनानं आणि महाप्रसादानं होते. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात आमटी-भाकरीची पंगत असते, आमटी तिथे मोठ्या कढयांत शिजते आणि भाकरी आजूबाजूच्या गावांतल्या घराघरांतून थापून येतात, ट्रॅक्टर भरभरून. कोणाची भाकरी कोणाच्या ताटात गेली याचा पत्ता लागत नाही. गुरुद्वारातला लंगर, जुन्या नाशकात रमजानमध्ये शेजारच्या घरी जाणारं इफ्तारचं ताट, हेही याच ओळीत बसतं.

सर्वात मोठी पंगत अर्थात सिंहस्थ कुंभमेळ्यातली. दर बारा वर्षांनी तपोवनात साधुग्राम उभं राहतं, २०१५ ला झालं, आता २०२७ ला परत होईल. निर्मोही, निर्वाणी, दिगंबर या वैष्णव आखाड्यांचे साधू नाशिकला आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला उतरतात आणि जागोजागी अन्नक्षेत्रं चालतात. वैष्णव साधूंच्या पंगतीत मीठ मागायचं तर रामरस म्हणून मागतात. वाढपी ओळीनं फिरत राहतात, आधी देवाला भोग लागतो, मग जयजयकार होतो, आणि शेवटच्या माणसाच्या पानात पडेपर्यंत पहिला माणूस घास उचलत नाही.