दिल्लीच्या धुक्यातला नवसागर

हिवाळा लागला की दिल्लीच्या रस्त्यांवर पाण्याचे फवारे मारणाऱ्या गाड्यांचे फोटो पेपरात झळकू लागतात. ते पाहून आपली समजूत आणखी घट्ट होते की प्रदूषण म्हणजे धूळ आणि ती खाली बसवली की काम झालं. धूळ असतेच. पण पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण, यांतला मोठा हिस्सा रस्त्यावरून उडालेला नसतो आणि धुराड्यातून कणांच्या रूपात बाहेरही पडलेला नसतो. तो हवेतच, वायूंपासून तयार होतो. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वात विलक्षण वाटते.

फिल्टरवर जमलेल्या कणांचं पृथक्करण केलं की सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम सापडतात; ते माती आणि बांधकामाचे. काळा कार्बन डिझेल, कोळसा, लाकूड अर्धवट जळाल्याचा. पोटॅशियम वाढलेलं दिसलं तर लाकूड किंवा पाचोळा जळाल्याचा संशय घ्यायचा. याशिवाय बरेच सेंद्रिय पदार्थ असतात आणि मग क्षार: अमोनियम सल्फेट, अमोनियम नायट्रेट आणि दिल्लीच्या हिवाळ्यात भरपूर अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर.

कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागराची पूड टाकतो तेव्हा भसकन पांढरा धूर उठतो. उष्णतेने नवसागर फुटून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू सुटतात. वर गार हवा लागताच ते पुन्हा जुळून घन कण बनतात. तोच तो धूर. या प्रक्रियेचा उत्तरार्ध दिल्लीवर पहाटे पहाटे अफाट प्रमाणात घडतो. अमोनिया येतो शेतातल्या युरियातून, गुरांच्या शेणामुतातून, गटारांतून. गंगेचं खोरं हा अमोनियाच्या बाबतीत जगातल्या सर्वात दाट पट्ट्यांपैकी एक आहे. हायड्रोजन क्लोराइड येतो प्लास्टिकमिश्रित कचरा जाळण्यातून आणि काही उद्योगांतून.

पण हे पहाटेच का घडतं? दोन्ही वायूंच्या आंशिक दाबांचा, म्हणजे हवेच्या मिश्रणात प्रत्येकाच्या वाट्याला येणाऱ्या दाबांचा, गुणाकार एका ठरावीक मर्यादेच्या वर गेला तरच कण टिकतो. खाली राहिला तर कण विरून पुन्हा वायू होतो. ही मर्यादा तापमानाच्या बाबतीत कमालीची हळवी आहे. पारा ३० अंशांवरून १० अंशांवर आला तर ती शंभरपटीहून जास्त खाली येते. त्यातच पहाटे आर्द्रता चढते, कण पाणी शोषून थेंब होतो आणि त्या थेंबात आणखी वायू विरघळतात. असा फुगलेला कण दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपासच्या आकाराचा होतो आणि अशा आकाराचे कणच प्रकाश सर्वाधिक विखुरतात. समोरची इमारत दिसेनाशी होते ती त्यामुळे. आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने झालेलं आणि २०२१ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं की दिल्लीत अशा वेळी दृश्यमानता जी घटते, तिच्यातला साधारण निम्मा वाटा क्लोराइडचा आणि त्याने ओढून घेतलेल्या पाण्याचा असतो.

मुंबईसारख्या किनाऱ्यावरच्या शहरात क्लोरीनचा प्रवास उलटाही होतो. समुद्रावरून आलेल्या मिठाच्या कणाला वाहनांच्या धुरातून बनलेलं नायट्रिक आम्ल भेटलं की मिठाचं सोडियम नायट्रेट होतं आणि हायड्रोजन क्लोराइड हवेत निसटतो.

दर हिवाळ्यात कुणीतरी हवनाने हवा शुद्ध होते असं छातीठोकपणे सांगतं. समिधा आणि तूप जाळल्यावरही काजळी आणि सूक्ष्म कणच निघतात. श्रद्धेचा आदर ठेवूनही हे स्पष्ट सांगायला हवं, कारण बंद खोलीतला तो धूर लहान मुलांच्या छातीत जातो. फवाऱ्यांचंही तसंच: त्यांनी जाड धूळ थोडी बसेल, पण अजून वायूच असलेला नवसागर ते काय बसवणार?

अमोनिया आटोक्यात आणणं फार कठीण, कारण त्यामागे अख्ख्या उत्तर भारताची शेती आहे. हायड्रोजन क्लोराइडचं तसं नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली; साध्या प्रकारात ५ हजार, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये दंड ठरला. दिल्लीच्या धुक्यावर रसायनशास्त्राच्या दृष्टीने याहून थेट उपाय मला दुसरा दिसत नाही, आणि तो अमलात आणायला एकही नवं यंत्र विकत घ्यावं लागत नाही.