ब्रेक ‘पंप’ करू नका, दाबून धरा

कशेडी असो की आंबा घाट, पावसाळ्यात शेजारी बसलेलं कुणीतरी सांगतंच, ‘ब्रेक पंप करत, म्हणजे दाबत-सोडत मार, नाहीतर चाकं लॉक होतील.’ एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, नसलेल्या गाडीसाठी हा सल्ला ठीक होता. पण एप्रिल २०१९पासून भारतात नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. चाक लॉक होऊ लागलं की दाब सोडून पुन्हा धरण्याचं काम ते सेकंदाला अनेकदा करतं. पायाला ते जमणार नाही. ताशी ६० किमी वेगात अर्धा सेकंद पाय उचलला, तर गाडी ब्रेकविना आठ मीटर पुढे जाते.

ट्रॅक डेला, म्हणजे रेसट्रॅकवर आपली गाडी चालवण्याच्या दिवशी, चांगला कोच आधी सीट बघतो: ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा. जोर सरळ रस्त्यावरच लावायचा आणि वळणात शिरताना पाय हळूहळू सैल करायचा. एबीएस लागलं की पेडल थरथरतं, खरखर आवाज येतो आणि माणूस दचकून पाय काढतो. नेमकं तेव्हाच दाबून धरा. नजर मोकळ्या जागेकडे ठेवा, स्टिअरिंग अजून वळतं.

सुट्या खडीवर मात्र एबीएस असूनही थांबायला जास्त अंतर लागतं, तिथे वेग आधीच कमी हवा. लांब उतारावर दुसरा गिअर टाका, सतत ब्रेकवर पाय नको. पेडल खोल जाऊ लागलं, तर तेव्हा पंप करणं बरोबर आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि तापल्यावर लवकर उकळतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत ते दर दोन वर्षांनी बदलाच.